कुलपांवर 'उघडं दप्तर' करतोय. भिंतीवर कुलपं टांगण्यापलीकडे काय करावं?

पोथीवाली

नमस्कार मंडळी. साताऱ्याकडच्या एका गावात शंभरी ओलांडलेलं वाचनालय आहे, तिथे मी आठवड्यातून तीन दिवस बसते. पगार नाही, चहा मिळतो. गेल्या वर्षापासून दर तीन महिन्यांनी एका रविवारी आम्ही जुनं दप्तर लोकांसाठी उघडं ठेवतो. इतिवृत्तं, जमाखर्चाच्या वह्या, पत्रव्यवहार असं सगळं टेबलांवर मांडायचं, येईल त्याने बघायचं, हात धुऊन पानं उलटायची. पहिल्या वेळी विषय होता जुन्या लग्नपत्रिका. तुफान गर्दी. दुसऱ्या वेळी गावचा पाणीपुरवठा. सात जण आले, त्यातले दोघे पावसाच्या आडोशाला.

या वेळी विषय घेतलाय कुलूप. तो सुचला आमच्याच वह्यांमुळे. जमाखर्चात दर दोनतीन वर्षांनी एक ओळ सापडते: 'कपाटास कुलूप', 'किल्ली गहाळ सबब नवीन कुलूप', 'कुलूप तोडणावळ'. आणि इतिवृत्तात त्याच सुमारास हमखास वाद. एका सभेत लिहिलंय, 'ग्रंथ-कपाटाची किल्ली कोणापाशी असावी याबद्दल बरीच चर्चा होऊन निर्णय पुढील सभेवर ठेवला.' पुढच्या सभेत तेच. त्याच्या पुढच्या सभेत तेच, फक्त 'बरीच'च्या जागी 'पुष्कळ'. चौथ्या सभेत सेक्रेटरींचा राजीनामा. मी माळ्यावर एकटी बसून हसत होते.

तर अडचणी अशा. एक म्हणजे, वह्या सोडल्या तर टेबलावर ठेवायचं काय? गावातून वीसेक जुनी कुलपं जमतील, पण ती खिळ्याला टांगली की लोक दोन मिनिटं बघतात आणि 'आमच्याकडे होतं असं' म्हणून निघून जातात. दुसरी अडचण आमचे आप्पा. कार्यकारिणीत सगळ्यांत ज्येष्ठ, बँकेतून निवृत्त. त्यांचं म्हणणं, कुलूप आतून कसं चालतं हे चारचौघांत दाखवणं म्हणजे चोरांची शाळा काढणं. त्यांना काय उत्तर द्यावं मला कळेना, कारण थोडं मलाही पटलं. आणि तिसरं, आमच्याकडे एक लोखंडी कपाट आहे. त्याची किल्ली कुणाच्याच आठवणीत नाही. ते त्याच दिवशी सगळ्यांसमोर उघडावं असं तरुण मंडळींच्या डोक्यात आहे. करावं का?

सदाशिवपेठी

पुण्यात राजा केळकर संग्रहालय बघून या. तिथे जुनी कुलपं आहेत आणि एकेक बघायला वेळ लागतो. मांडणी शिकायला मिळेल. बाकी कपाट उघडण्याआधी सगळ्यांच्या सह्या घेऊन ठेवा. आतून काही नाही निघालं तरी भांडण निघेल.

पोथीवाली

केळकर बघितलंय. पण तिथली कुलपं सुंदर आहेत, आमची गंजकी. सह्यांचं मात्र बरोबर.

टूलरूमकाका

ताई, तुमच्या आप्पांना माझा नमस्कार सांगा. चोर वाचनालयात येत नाहीत. येत असते तर कधीच सुधारले असते.

मी ३१ वर्षं कुलपांच्या कारखान्यात काढली, त्यातली २२ टूलरूमला. डाय बनवायच्या, पंच घासायचे, कुठे मापात फरक पडला की वरून बोलणी खायची. आता डोंबिवलीत आहे. गुडघे गेले, कान शाबूत आहेत. आणि कुलपात कान लागतो. चांगलं कुलूप मिटताना एकच आवाज करतं. दोन आले तर समजायचं आत खेळ आहे. आमच्या फोरमनला पाठ करून उभं राहिलं तरी कळायचं कोणत्या टेबलावरचा माल परत पाठवायचा.

टेबलावर काय ठेवायचं ते सांगतो. एक कुलूप कापून ठेवा. फक्त एक. वीस टांगलेल्या कुलपांपेक्षा पोट उघडं असलेलं एक कुलूप लोक जास्त वेळ बघतात. जुनं लिव्हरचं, चार-पाच लिव्हरचं असलं तर उत्तम. गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याला सांगा, बाजूच्या पत्र्याचे रिव्हेट घासून पत्रा अलगद काढ, आतलं काही हलवू नकोस. वर काचेचा नाहीतर अॅक्रिलिकचा तुकडा बसवा, नाहीतर स्प्रिंग उडून कुणाच्या चहात पडेल. आमच्याकडे पडली होती.

आता त्यात लोकांना काय दाखवायचं? किल्ली बोल्ट सरकवते हे सगळ्यांना माहीत असतं. पण ते तिचं शेवटचं काम. त्याआधी तिला परवानगी मिळवावी लागते. पोटात पितळेच्या पट्ट्या असतात, एकीवर एक रचलेल्या. त्या लिव्हर. प्रत्येकीला एक खाच, आणि प्रत्येकीची खाच वेगळ्या उंचीला. बोल्टावर एक खुंटी असते. किल्लीच्या प्रत्येक दाताने आपापली लिव्हर नेमक्या उंचीला उचलली की सगळ्या खाचा एका रेषेत येतात, खुंटी आत शिरते, बोल्ट मागे येतो. एक लिव्हर केसभर खाली राहिली, खुंटी अडली. केसभर जास्त वर गेली, तरीही अडली. हे दुसरं वाक्य लक्षात ठेवा. पूर्वीच्या कुलपात आतला खटका एकदा पुरेसा उचलला की झालं, कितीही वर ढकला, काम व्हायचं. वाकडी तार पुरायची. जास्त उचललं तरी अडलंच पाहिजे, ही युक्ती लंडनच्या रॉबर्ट बॅरनने १७७८ साली केली. घराघरात लिव्हरची कुलपं लागली ती या एका युक्तीवर.

पोरांसाठी हेच पुठ्ठ्याचं करा. मी नातीच्या शाळेत केलं होतं. हातभर लांबीच्या पाच पट्ट्या, एका टोकाला टाचणी आरपार, म्हणजे पाचही वरखाली हलतील. दुसऱ्या टोकाला प्रत्येकीला वेगळ्या जागी खाच. पेन्सिल ही खुंटी. वरून रबर लावायचं म्हणजे पट्ट्या आपसूक खाली बसतात. मग जाड पुठ्ठ्याची पाच दातांची किल्ली. एक खरी, तीन खोट्या. खोटीने पेन्सिल जात नाही आणि का जात नाही हे डोळ्याला दिसतं. आम्ही ठरवलं होतं अर्धा तास, शिपाई दिवे बंद करायला आला तरी पोरं हलेनात.

वह्यांचं म्हणाल तर तुमच्याकडे जे आहे ते सोनं आहे. किल्ली कुणाकडे असावी हे भांडण म्हणजेच कुलपाचा इतिहास. कारखान्यातसुद्धा मालापेक्षा किल्ल्यांच्या रजिस्टरला जास्त जपायचे. कोणता नंबर कुणी केला, कुणी तपासला, सगळं सहीनिशी.

थोडं मुंबईचं सांगतो, कारण आपल्याकडचा कारखानदारीचा धागा तिथे आहे. अर्देशीर गोदरेज वकील. १८९४ साली एका खटल्यासाठी झांझिबारला गेले. तिथे पक्षकाराची बाजू खरीच आहे असं छातीवर हात ठेवून म्हणता येईना, तर वकिलीच सोडून परत आले. आधी शस्त्रक्रियेची हत्यारं बनवायला घेतली. घेणारा म्हणाला माल चांगला आहे, पण त्यावर देशी बनावटीचा शिक्का नको. यांनी तो धंदाही सोडला. मग ७ मे १८९७ ला लालबागला कुलपं सुरू केली. तो काळ डोळ्यासमोर आणा. १८९६ च्या पावसाळ्याअखेर मुंबईत प्लेग आला होता, माणसं दाराला कुलूप घालून गावाकडे पळत होती. पुण्यात १८९७ मध्ये तपासणीच्या तुकड्या बंद घरं उघडून आत शिरत होत्या, त्यावरून काय रामायण झालं ते तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्या गावच्या कागदांत प्लेगच्या वर्षातलं काही असेल तर ते कुलपाच्याच टेबलावर ठेवा. बंद घर, बाहेर लटकतं कुलूप, आत काय ते माहीत नाही.

कंपनीने पुढे साबण काढला, वनस्पती तेलाचा, त्याचं पहिलं नावसुद्धा 'चावी'. मुंबईकराला चावी, तुम्हाला किल्ली. कारखान्यात हा वाद रोज डब्याच्या वेळी असायचा. कोल्हापूरकडचे एकीकडे, लालबागवाले एकीकडे.

पण माझी आवडती गोष्ट ना दाराची आहे ना दागिन्याची. १९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक. मतपेट्या हव्या होत्या, लाखांनी. गोदरेजच्या विक्रोळीच्या कारखान्यात १२ लाखांहून जास्त बनल्या. एका पेटीची किंमत ५ रुपये ठरलेली, आणि बाहेरून कुलूप लावायचं तर हिशेब बसेना. तेव्हा कारखान्यातल्याच एका कारागिराने पेटीच्या आतूनच बंद होणारी कळ काढली. बाहेर कुलूप नाहीच. आम्ही नवीन लागलो तेव्हा जुने लोक ही गोष्ट अशी सांगायचे की जणू काल झाली. विक्रोळीला २००६ पासून गोदरेज अर्काइव्ह्ज आहे, जुनी कागदपत्रं, फोटो, वस्तू सांभाळतात. त्यांना पत्र टाकून बघा, प्रदर्शनासाठी काही प्रती मिळतात का ते विचारा.

कपाट. तेल घालू नका! आपल्याकडे कुलूप अडलं की आधी खोबरेल. त्या खोबरेलाला धूळ चिकटते, वर्षभरात आत खरवस होतो. पेन्सिलीचं शिसं कुस्करून त्याची पूड फुंका, दोन दिवस आधी. छिन्नी-हातोडा अजिबात नाही. गावात चावीवाला बसत असेल तर त्यालाच बोलवा, आणि त्याला खुर्ची द्या. 'कारागीर' म्हणून नाव पुकारा. फुटपाथवर उकिडवं बसून आयुष्य काढतात ती माणसं. कोऱ्या पट्टीला काजळी धरून कुलपात फिरवायची, ठसा कुठे उमटला ते बघून कानस मारायची, परत काजळी, परत ठसा. हे काम हाताचं कमी आणि दमाचं जास्त आहे.

सरळमार्गी

काका, तुमचा अनुभव मान्य. पण आप्पांचा मुद्दा उडवून लावू नका. आमच्या सोसायटीत दोन घरफोड्या झाल्या. मोबाइलवर व्हिडिओ बघून कुलपं उघडतात हल्ली. अशात लहान मुलांसमोर हे सगळं कशाला?

टूलरूमकाका

घरफोडीत कुलूप उघडत नाहीत हो, कोयंडा उचकटतात. पटाशी घालतात आणि कडी चौकटीसकट बाहेर. दोन हजारांचं कुलूप आणि कोयंड्याला अर्ध्या इंचाचे चार स्क्रू, असा आपला हिशेब असतो. तुमच्या सोसायटीत जाऊन बघा, कुलूप शाबूत लटकत असेल. ते मुद्दाम सांगा कार्यक्रमात. लोकांचा फायदा होईल.

सरळमार्गी

बघितलं. एका घरी खरंच तसंच झालं होतं. कुलूप अजून त्यांच्या शोकेसमध्ये आहे.

ब्लॅककंट्रीची_सून

काका, टाळी द्या! मी इंग्लंडात वुल्व्हरहॅम्प्टनला असते, माहेर इचलकरंजी. इथे येईपर्यंत मला माहीत नव्हतं की नवऱ्याच्या नोकरीमुळे आपण कुलपांच्या राजधानीत जाऊन पडलोय. स्टेशनजवळ अजून चब या कुलूपकंपनीची जुनी लाल विटांची इमारत उभी आहे.

आप्पांच्या प्रश्नावर इंग्लंडात १८५१ साली सबंध देश भांडलाय, म्हणून लिहिते. आधी थोडं मागे. १८१७ मध्ये पोर्ट्समथच्या सरकारी गोदीत खोट्या किल्ल्यांनी चोरी झाली. सरकारने जाहीर केलं, आपल्याच किल्लीशिवाय उघडणार नाही असं कुलूप बनवा, १०० पौंड घ्या. जेरेमाया चबने १८१८ मध्ये 'डिटेक्टर' कुलूप आणलं. काकांनी सांगितली तीच लिव्हर, पण वर एक लबाडी: कुणी चुकीच्या हत्याराने लिव्हर प्रमाणाबाहेर उचलली की एक खटका तिला तिथेच धरून ठेवायचा. मालक आपली किल्ली घालायचा, उघडायचं नाही, आणि त्याला कळायचं की मागे कुणीतरी हात लावून गेलंय. म्हणजे कुलूप चुगली करायचं. तिथल्या कैद्यांच्या जहाजावर एक कुलूपवाला कैदी होता. त्याला सांगितलं, हे उघडलंस तर सरकारकडून माफी आणि चबकडून १०० पौंड. दोनतीन महिने खटपट करून त्याने हात टेकले.

दुसरीकडे जोसेफ ब्रामा, हाही कुलूपवाला. त्याच्या कुलपाचं पेटंट १७८४ चं, लंडनच्या पिकॅडिलीत दुकान. दुकानाच्या खिडकीत कुलूप ठेवलेलं आणि त्यावर पाटी: हे उघडण्याचं हत्यार जो बनवील त्याला २०० गिन्या (गिनी म्हणजे जुनं इंग्रजी नाणं). पाटी कित्येक दशकं तशीच.

मग १८५१ चं लंडनचं मोठं प्रदर्शन भरलं आणि अमेरिकेहून आल्फ्रेड हॉब्स नावाचा गृहस्थ आला. तो स्वतः कुलपं विकणाऱ्या कंपनीचा माणूस. त्याने साक्षीदार बोलावले, वेस्टमिन्स्टरमधल्या एका घरात तिजोरीखोलीच्या दारावरचं चबचं डिटेक्टर २५ मिनिटांत उघडलं. आणि कसं उघडलं तर त्या चुगलखोर खटक्याचाच उपयोग करून. तो धरला की कळायचं कोणती लिव्हर जास्त गेली! नंतर परत बंद करायला त्याला सात मिनिटं लागली. ब्रामाच्या कुलपाला मात्र ५१ तास लागले, १६ दिवसांत मिळून. २०० गिन्या द्याव्या लागल्या. ते कुलूप आता लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे.

त्यानंतर वर्तमानपत्रांत जो गदारोळ झाला तो अगदी तुमच्या आप्पांचा. हे उघड उघड दाखवून चोरांना का शिकवता? हॉब्सच्या बाजूचं उत्तर होतं की चोरांना आधीच येतं, त्यांच्या धंद्यातलं त्यांना आपण काय शिकवणार. माहीत नसतं ते कुलूप विकत घेणाऱ्या गिऱ्हाइकाला. गंमत म्हणजे १८५४ मध्ये चबकडच्या माणसाने हॉब्सचं कुलूप उघडून दाखवलं. फिट्टंफाट. या भांडणात सगळ्यांचीच कुलपं सुधारली.

आता जवळच्या विलेनहॉलचं. हे कुलूपवाल्यांचं गाव. घराच्या मागच्या अंगणात वर्कशॉप, नवरा-बायको-पोरं सगळी कानस घेऊन. त्यातलं एक घर म्युझियम म्हणून जपलंय. मी गेले होते तेव्हा सगळ्यांत जास्त कुलपं नाही आठवली, बाक आठवला. लहानपणापासून त्या उंचीच्या बाकावर वाकून कानस मारून माणसांना पोक यायचं, इतकं की गावाला लोक 'हंपशायर' म्हणायचे, म्हणजे पोकांचा परगणा. दारूच्या गुत्त्यांत बाकामागच्या भिंतीला पोक टेकायला खळगे पाडलेले असायचे असं सांगतात. आणखी एक म्हण सांगतात: विलेनहॉलच्या माणसाच्या हातून कुलूप पडलं तर तो वाकून उचलत नाही, तेवढ्या वेळात दुसरं होतं. इतकं स्वस्त काम.

तेव्हा ताई, कुलूप बनवणाऱ्यांसाठी एखादं टेबल राखून ठेवा. अलीगढच्या कुलपांना आपण 'अलिगडी' म्हणून नाक मुरडतो, पण तीही अशीच घराघरांत घासली जातात. आणि तामिळनाडूतल्या दिंडीगलच्या कुलपांना २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, त्यांचं एखादं जड कुलूप मिळालं तर हातात घ्यायला ठेवा.

पोथीवाली

अगं बाई, चुगलखोर कुलूप! हेच पाहिजे होतं. आप्पांना वाचून दाखवलं. ते गप्प झाले आणि मग म्हणाले, 'कैद्याचं पुढे काय झालं?' म्हणजे अर्धं काम झालं.

शून्य_विश्वास

उशिरा लिहितेय. मी बंगळुरूला संगणक-सुरक्षेत काम करते. आमच्या धंद्यात हा वाद कधीच मिटलाय. ऑगुस्त केर्कहॉफ्स या भाषातज्ज्ञाने १८८३ मध्येच लिहून ठेवलंय की सांकेतिक लिखाणाची पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी चालली पाहिजे, गुप्त राहायची ती फक्त किल्ली. काकांनी पुठ्ठ्याचं जे सांगितलं ते हेच आहे. रचना सगळ्यांना दाखवा, दातांची मापं दाखवू नका.

आणि म्हणूनच एक धोक्याची सूचना, जी अजून कुणी दिली नाही. तुम्ही लोकांना 'आपली जुनी किल्ली घेऊन या' म्हणणार, कुणीतरी फोटो काढणार, आणि ते वाचनालयाच्या ग्रुपवर पडणार. वापरातल्या किल्लीचा स्पष्ट फोटो म्हणजे किल्लीच. अमेरिकेत विमानतळावर बॅगा तपासायला ज्या मास्टर किल्ल्या असतात त्यांचा फोटो २०१४ मध्ये वर्तमानपत्राने बातमीसोबत छापला. पुढच्या वर्षी लोकांनी त्यावरून थ्रीडी प्रिंटरवर किल्ल्या काढल्या आणि त्या चालल्या. तेव्हा दारात विचारा, 'ही अजून कशाला लागते का?' लागत असेल तर फोटो नाही. तुमच्या वह्यांत सध्याच्या कपाटांच्या किल्ल्यांचे नंबर लिहिलेले असतील तर ती पानंही बंद ठेवा.

काका, तुमचा फोरमन कानाने माल परत करायचा हे वाचून जळफळाट झाला. आमच्याकडे असा कान असता तर.

टूलरूमकाका

पोरी, बरोबर बोललीस. कारखान्यात किल्ली खिशातून बाहेर काढून टेबलावर ठेवली तरी ओरडा बसायचा. उपडी ठेव म्हणायचे, दात खाली.

पोथीवाली

झालं एकदाचं! कबूल केलं होतं म्हणून वृत्तांत.

रविवारी सकाळी दहाला उघडलं, साडेबाराला बंद करायचं होतं, दीड वाजला. रजिस्टरला ६३ सह्या. लग्नपत्रिकांपेक्षा कमी, पण पाणीपुरवठ्याचा सूड उगवला.

पुठ्ठ्याच्या कुलपाची काकांची युक्ती इतकी चालली की दुपारी पट्ट्या फाटल्या आणि शाळेच्या मुलांनी स्वतः नव्या कापल्या. एका मुलाने तीन खोट्या किल्ल्यांपैकी एक कात्रीने कुरतडून खरी केली. आप्पा तिथेच उभे होते. मला वाटलं आता बोलणार. त्यांनी त्याला विचारलं, 'किती वेळ लागला?' तो म्हणाला वीस मिनिटं. आप्पा म्हणाले, 'म्हणजे चबपेक्षा पाच मिनिटं कमी,' आणि ते सगळ्यांना सांगत फिरले. आता आप्पाच कुलपांवर अधिकारवाणीने बोलतात, मला उच्चार दुरुस्त करून देतात.

चारही सभांची इतिवृत्तं एका ओळीत मांडली होती, किल्ली कोणापाशी असावी याची. लोकांनी त्याचंच वाचन घातलं. एकाने अध्यक्षांचा आवाज काढला, एकाने राजीनामा दिलेल्या सेक्रेटरींचा. त्या सेक्रेटरींचे नातू समोर बसले होते हे नंतर कळलं. ते हसत होते म्हणून वाचलो.

किल्ल्या बऱ्याच आल्या. दाराशी 'अजून लागते का?' विचारायला एक मुलगी बसवली होती, तिने अकरा जणांचे फोटो अडवले. एक आजी जुडगा घेऊन आल्या, कमरेला खोचायचा, चांदीच्या आकड्याचा. सासूबाई वारल्या त्या दिवशी तेराव्याआधीच जाऊबाईंनी तो मागितला आणि यांनी दिला नाही. पन्नासेक वर्षांपूर्वीची गोष्ट. जुडग्यात नऊ किल्ल्या, घर पाडून तिथे कधीच बंगला झालाय, एकही कुलूप उरलेलं नाही. मी विचारलं, जाऊबाई आता कुठे असतात? म्हणाल्या, 'ती काय तिकडे बसलीय, पुठ्ठ्यापाशी.'

कपाटासाठी तालुक्याच्या गावाहून चावीवाले आले. खुर्ची दिली, नाव पुकारलं. ते खुर्चीत बसले नाहीत, म्हणाले मांडी घातल्याशिवाय हात चालत नाही. मग सतरंजी अंथरली आणि त्यांच्याभोवती अख्खं वाचनालय जमिनीवर बसलं. पेन्सिलीची पूड शुक्रवारीच फुंकली होती. चाळीस मिनिटं लागली. त्यात सात वेळा कानस. कुणी बोलत नव्हतं, फक्त कुणाचा तरी मोबाइल वाजला तेव्हा त्यांनी मान वर करून बघितलं. उघडलं तेव्हा काका, आवाज एकच आला.

आत: १९६०च्या आसपासच्या देणगी पावत्यांची कोरी पुस्तकं, वाळवीने खाल्लेली. उंदरांचा सापळा, चालू स्थितीत. एका पाकिटात वाचनालयाचा जुना रबरी शिक्का. आणि कापडाच्या पुरचुंडीत दोन किल्ल्या, सुतळीला पुठ्ठ्याची चिठ्ठी, त्यावर शाईने 'जपून ठेवणे'.

आमच्याकडे आहेत त्या सगळ्या कपाटांना, पेट्यांना, मागच्या दाराला लावून बघितल्या. कशालाच लागत नाहीत. आप्पांचं म्हणणं, फोटो इथे टाकावा. मी म्हटलं, कशाच्या आहेत हे कळल्याशिवाय नाही. यावर पुढच्या सभेत चर्चा आहे.